अकराव्या ओळीतली अंबाडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मी तीन हंगाम गांजाच्या कुळातलं एक पीक वाढवत होते, आणि ते आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. रोज फोन व्हायचा. काय जेवलीस, थंडी किती, केस गळतात का, सगळं बोलणं व्हायचं. दिवसभर मी काय करते एवढंच सोडून.

पीक अगदी कायदेशीर होतं. सरकारी परवाना होता, त्यावर माझं नाव होतं. तिकडे त्याला हेम्प म्हणतात. खोडाचा धागा होतो, बियांचं तेल निघतं. नशा म्हणाल तर पोतंभर पाला ओढला तरी खोकल्यापलीकडे काही हाती लागायचं नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की झोपेतही म्हणू शकेन. ऐकणारा मान डोलावतो आणि डोळ्यांनी हसतोच.

माझ्या ओळखीचे बहुतेक मराठी लोक डब्लिनच्या उपनगरात, सँडीफोर्डच्या आयटी कंपन्यांत होते. मी कृषी विद्यापीठातली, पिकांच्या जाती पैदा करायला शिकलेली. मेनूथ विद्यापीठात पीएच.डी. झाली आणि २०१६ च्या सुरुवातीला मला काम मिळालं ते डब्लिनपासून चार तासांवर, समुद्राला लागून असलेल्या दोन एकरांच्या वावरात. प्रकल्प तीन हंगामांचा. उत्तरेकडची लवकर फुलणारी जात आणि दक्षिणेकडची मोकळ्या फुलोऱ्याची जात यांचा संकर करायचा आणि त्यातला एक तरी वाण या दमट हवेत बी धरेपर्यंत टिकवून दाखवायचा. एकटीने. कारण प्रकल्पाचे प्रमुख डब्लिनला बसायचे आणि महिन्यातून एकदा येऊन बुटांना चिखल लागला की परत जायचे.

दमट म्हणजे काय हे आमच्या विदर्भातल्या माणसाला सांगून कळत नाही. मिठाच्या डबीत पाणी व्हायचं. चामड्याच्या चपलेवर पांढरी लव यायची. पासपोर्टचं पान उघडताना चिकटायचं. झाडांचं तर विचारूच नका. ऑगस्टपर्यंत हिरवीगार, पुरुषभर उंच, बघून छाती भरून यावी अशी. सप्टेंबरात फुलोरा दाटला की आतून राखाडी बुरशी धरायची. बाहेरून काही दिसायचं नाही. बोटांनी फुलोरा उकलला की आत जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखा काळपट लगदा. पहिल्या वर्षी सगळ्या ओळी अशाच गेल्या. मी शेवटचं झाड उपटलं त्या दिवशी वावरात बसून रडले. पाऊस होता, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. तसंही बघायला कुणी नव्हतं.

कुणीच नव्हतं म्हणजे मालक होते. वावर त्यांचं, मी भाड्याने राहायचे ते छोटं घरही त्यांचंच. सत्तरीचे, लग्न न केलेले गृहस्थ. ट्रॅक्टरवरून जाताना सुकाणूवरचं एक बोट उचलायचे. तो नमस्कार. मीही एक बोट उचलायला शिकले. काही आठवड्यांत तेवढंच माझं माणसांशी बोलणं असायचं. बोललेच तर ते दर गोष्टीला "ग्रँड" म्हणायचे, म्हणजे सगळं ठीक. छप्पर गळतं म्हटलं तरी ग्रँड, दुरुस्त झालं म्हटलं तरी ग्रँड.

पहिल्या वर्षी गणपतीला मी हौसेने सँडीफोर्डला गेले होते. मोदकांच्या ताटापुढे एका पुणेकराने विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी खरं ते सांगितलं. दहा मिनिटांत ती बातमी हॉलभर झाली.

"अरे, मग आम्हाला पण थोडं पाठवा की. वीकेंडला धमाल होईल."

"मॅडम, रिटायरमेंट प्लॅन भारी आहे हं तुमचा."

मी हसले. दुसऱ्याला हसले, तिसऱ्यालाही हसले. आरतीच्या वेळी एका बाईने आपल्या मुलीला हळूच माझ्या बाजूने ओढून घेतलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. परत जाताना चार तास गाडी चालवली आणि ठरवलं, पुन्हा यायचं नाही. लोक वाईट नव्हते. पण दुरून डोंगर साजरे हेच बरं.

आईला न सांगण्याचं कारण मात्र थट्टा नव्हतं. माझा मामा, तिचा एकुलता एक मोठा भाऊ, चिलमीपायी गेला. गेला म्हणजे मेला नाही. नदीकाठच्या मठात गोसाव्यांबरोबर बसू लागला, मग तिथेच झोपू लागला, आणि एका उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर उठून चालायला लागला तो परत आला नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. त्यानंतर आई दर भाऊबीजेला अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायची. ओवाळताना बोलायची नाही. आमच्या घरात कोणी गमतीतही गांजा हा शब्द काढला नाही. आता तिच्या एकुलत्या एका लेकीने सातासमुद्रापार जाऊन, डॉक्टरेट मिळवून, तेच झाड लावलंय हे कसं सांगायचं?

म्हणून मी तिला सांगितलं, अंबाडी. "अंबाडीची इथली जात आहे, आई. धाग्यासाठी लावतात." अगदी नरो वा कुंजरो वा. अंबाडीचाही धागाच होतो. पानही हुबेहूब तसंच, पाच बोटांचं, करवती कडेचं. आई खूश झाली. आमच्याकडे अंबाडी म्हणजे जीव की प्राण. आंबट पाल्याची, ज्वारीच्या कण्या घातलेली भाजी, वरून लसणाची फोडणी. "मंग तं तुले तिकडे भाजीची ददात नाही," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि हवामानाकडे वळले.

बाबा गेल्यावर ती घरात एकटी होती. दुसऱ्या हंगामात, २०१७ च्या जूनअखेरीस, मी तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी बोलावलं. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कुणीतरी हवं होतं.

ती आली ती कण्या, तिखट, चिंच, कुरड्या आणि दोन लुगडी घेऊन. पहिले काही दिवस माझ्यासारखं सुखी कोणी नव्हतं. पण मी सकाळी सातला वावरात जायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. मधले बारा तास आई खिडकीशी. टीव्हीवरचं कळत नव्हतं. शेजार नव्हता. उडदाचे पापड करून वाळत घातले तर पाऊस. तिसऱ्या खेपेला तिने शोध लावला की भिंतीतल्या ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते, तिथे सगळं वाळतं. तिकडे त्याला हॉट प्रेस म्हणतात. त्यात लोक टॉवेल ठेवतात. आईने पापड ठेवले.

एका दुपारी ती डबा घेऊन वावरात आली. कुंपणाशी उभी राहून बघतच राहिली.

"अवो माय, केवढी अंबाडी व ही," ती म्हणाली. "आपल्याकडे एवढी वाढत नाही."

"आई, हात लावायचा नाही हं. मोजलेली झाडं आहेत."

"मले काय करायचं हाय तुह्या झाडाचं," ती म्हणाली. पण जाताना दोनदा वळून पाहिलं.

परवान्याची अट साधी होती. वावरातलं एक पानसुद्धा बाहेर जाता कामा नये. प्रत्येक झाडाला चिठ्ठी, प्रत्येक ओळीची वही. कधीही तपासणी येऊ शकते. नियम मोडला तर परवाना रद्द, परवाना गेला की प्रकल्प गेला आणि प्रकल्प गेला की माझा व्हिसाही. हे आईला समजावून सांगायचं तर आधी अंबाडीचं खोटं मोडावं लागलं असतं. मी उद्यावर टाकलं. रोजच उद्यावर टाकलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. तिकडे तेव्हा साडेसातलाही लख्ख उजेड असतो. दार उघडलं आणि लसणाच्या फोडणीचा वास आला. आई खुदकन हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. ताट वाढून तयार होतं. भाकरी, कांदा, आणि मधोमध हिरवीगार भाजी.

मी पहिला घास घेतला. आंबट होता. पण तो आंबटपणा पाल्याचा नव्हता, वरून घातलेल्या चिंचेचा होता. अंबाडीत चिंच कोण घालतं, असं मनात येईपर्यंत दुसरी गोष्ट लक्षात आली आणि घास तोंडातच राहिला.

"कुठून आणलीस?"

"तुह्याच वावरातून. दुसरीकडून कुठून आणू? खालची खालची पानं खुडली. शेंड्याले हात नाही लावला, तेवढं समजते मले." मग ती उठली आणि मोठ्या उत्साहाने हॉट प्रेसचं दार उघडलं. "आन् हे पाय. तुले हिवाळ्यात होईन म्हणून वाळवून ठेवली."

तीन वर्तमानपत्रांवर नीट पसरलेला पाला. आठवडाभराचा. टाकीच्या उबेने सुकत आलेला, घरभर वास सोडणारा; दिवसभर तोच वास अंगावर घेऊन येणाऱ्या मला तो कळलाच नव्हता. एखाद्या पोलिसाने ते कपाट उघडलं असतं तर मला तोंड उघडायलाही जागा राहिली नसती.

"कुठल्या ओळीतला?"

"त्या टोकाच्या. त्याची पानं कोवळी होती."

अकरावी ओळ. माझा सगळ्यात चांगला संकर. ज्याच्यावर मी दोन वर्षांची आशा लावून बसले होते तो. त्या आठवड्यात मी दुसऱ्या टोकाच्या ओळी मोजत होते, तिकडे फिरकलेच नव्हते. जिथली पानं अशी खुडली गेली, ती ओळ चाचणीत धरता येत नाही.

मी ओरडले. मी आईवर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी सगळं साठलेलं बाहेर पडलं. तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून. माझी नोकरी जाईल. मला हाकलून देतील. आणि मग, जे दीड वर्ष नीट मांडून, वेळ बघून, हात हातात घेऊन सांगायचं होतं, ते मी भाजीच्या ताटावर फेकलं. "ती अंबाडी नाहीये, आई. गांजाचीच जात आहे ती."

आई उठली. तिने माझं ताट उचललं, तिचं उचललं. मग बेसिनशी जाऊन हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. पुसले आणि पुन्हा धुतले. तिचं ते पाठमोरं उभं राहणं मला आजही दिसतं आणि लाज वाटते. पाला खुडल्याची नाही. माझ्या आवाजाची.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तारखा आणि ओळीचा नंबर विचारला. मग म्हणाले, लिहून काढ, पाला वजन करून वावरातच पुरून टाक, साक्षीदार घे, आणि अकरावी ओळ निकालातून काढून टाक. वर एक लेखी समज. नोकरी वाचली. पाला पुरायला मालक साक्षीदार म्हणून आले. खड्ड्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तूच त्यांना कामाला लावलंयस. रोज पहाटे यायच्या, तू उठायच्या आधी. मी ट्रॅक्टरवरून बोट उचलायचो, त्या दोन्ही हात जोडायच्या. हात काय चालायचा त्यांचा!" आणि थोड्या वेळाने, "आता सगळं ग्रँड होईल." मला आईचा हेवा वाटला. मालकांनी मला इतकं कधी सांगितलं नव्हतं.

उरलेले पाच आठवडे आई घरात होती आणि नव्हती. स्वयंपाक करायची, माझे कपडे घडी करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. वावराच्या बाजूची खिडकी तिने बंद ठेवली. मी दोनदा बोलायला बसले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "राहू दे." विमानतळावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खात जा." मामाबद्दल एक शब्द नाही. मी गाडीत परत येऊन बसले तेव्हा तिची कापडी पिशवी मागच्या सीटवर राहिलेली दिसली. आत चिंचेचा उरलेला गोळा होता.

त्यानंतर फोन दोन मिनिटांवर आला. जेवलीस का, हो. तू? हो. खोटं होतं तोवर निदान बोलणं तरी होतं. आता खरं होतं आणि बोलायला काही नव्हतं. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मुका हिवाळा. दिवस चारला मावळायचा आणि मी मालकांचा ट्रॅक्टर जाण्याची वाट बघत खिडकीत उभी राहायचे, आई राहायची तशी.

पण त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, एक गोष्ट झाली. सततच्या पावसात पहिली ओळ बसली, मग चौथी, मग सातवी. मी रोज फुलोरे उकलायचे आणि आत तोच लगदा. अकरावी ओळ मोजायची नव्हती म्हणून तिकडे गेलेच नव्हते. एका सकाळी सहज गेले. वीसच्या वीस झाडं उभी. फुलोरा उकलला, आत कोरडं. बी भरलेलं. खालच्या बाजूने झाडं मोकळी होती, आईने खुडली होती तिथून वारा आरपार जात होता. शेजारच्या ओळींत खालच्या पानांमध्ये ओल साचून राहिली होती.

वाण चांगला म्हणून टिकला की पानं काढली म्हणून, हे मला सांगता येत नव्हतं. ओळ निकालात नव्हतीच. मी ते बी वेगळं काढून ठेवलं आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यात लिहिलं: निम्म्या ओळींतली खालची पानं काढून पाहणे. कल्पना कुणाची, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

२०१८ चा ऑगस्ट. शेवटचा हंगाम. पानं काढायची वेळ आली आणि मी वावरात नुसती उभी राहिले. किती काढायची? कुठपर्यंत? पुस्तकात बऱ्याच गोष्टी असतात, पण आईने नेमकं काय केलं होतं ते नव्हतं. आणि ते माहीत असलेलं जगात एकच माणूस होतं. मी अर्धा तास फोन हातात धरून बांधावर बसले. मग व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. आई ओसरीवर शेंगा सोलत होती.

"आई, तू ती पानं कशी खुडली होतीस ग?"

ती शेंगा सोलतच राहिली. मला वाटलं, फोन ठेवणार.

"कोणती?" तिने विचारलं, माहीत असून.

मी सांगितलं. अकरावी ओळ टिकली तेही सांगितलं. वर्षभर सांगितलं नव्हतं. बोलता बोलता सगळंच सांगत गेले. बुरशी, संकर, पहिल्या वर्षी मी पावसात रडले ते, सँडीफोर्डचे लोक, मालकांचं बोट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "या झाडापायी कोणाचा भाऊ तं जात नाही ना व?"

"नाही, आई. दोर होतो याचा. कापड होतं. ओढून काही होत नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "दाखव."

मी फोन झाडापुढे धरला. ती पदराने चष्मा पुसून बघू लागली. "गुडघ्याच्या खालची समदी काढ. त्याच्यावर एक ठेव, एक काढ. ते नको, ते कोवळं हाय. हां, ते." मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने खुडत होते. पानं खाली टाकलेल्या पोत्यावर पडत होती, मोजून, वजन होण्यासाठी. तीन झाडं झाली. चौथ्या झाडाशी मला राहवलं नाही.

"आई, तुला चव कळली नाही का ग तेव्हा? अंबाडी तर आंबट असते."

"कळली ना," ती म्हणाली. "पहिलंच पान तोंडात टाकलं तवाच कळली. आंबट नोहती. कडवट होती. म्हटलं, ही अंबाडी नोहे."

"मग?"

"मंग काय. तू म्हणाली होती नं, अंबाडी हाय म्हणून. म्हटलं, आता वय झालं, जीभ गेली असन आपली. पोरगी काहून खोटं बोलन?" तिने चष्मा नाकावर वर सरकवला. "म्हणून मंग चिंच टाकली."

मी चौथ्या झाडाचं शेवटचं पान खुडायला वाकले. फोन तिरका झाला असणार, कारण ती म्हणाली, "नीट धर. पुढचं झाड दाखव."